मदत हवी आहे: एसव्हीएनच्या कमिटवर जेन्किन्स बिल्डच घेत नाही

खामला_कर:
ॲपचा कोड गिटमध्ये आहे, मशीनच्या कॉन्फिग फाइल आणि ड्रॉइंग एसव्हीएनमध्ये (दोन्हीकडे फाइलींचे जुने-नवे बदल जपले जातात). जेन्किन्सची एकच पाइपलाइन दोन्ही ओढते आणि त्यातून आपोआप ॲप तयार करते, तोच बिल्ड. गिटला बदल पाठवला (पुश) की मिनिटात बिल्ड लागतो, एसव्हीएनला पाठवला (कमिट) की काहीच नाही. हुक, म्हणजे कमिटच्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट, हातानं चालवला तर मात्र लागतो! तीन दिवसांपासून हेच करून राहिलो. शुक्रवारी बुटीबोरीला रिलीज द्यायचंय. लवकर सांगा.

वऱ्हाडी_डेव्ह:
हुक कोणता, कमिटच्या आधीचा (प्री) की नंतरचा (पोस्ट)? त्यात लिहिलंय काय? पोलिंग, म्हणजे जेन्किन्सनं स्वतःच अधूनमधून बदल बघणं, चालू आहे का?

टर्मिनल_ताई:
एसव्हीएन काढूनच टाका. गिट-एसव्हीएन या टूलनं जुन्या इतिहासासकट सगळं गिटमध्ये येतं. आम्ही आणलं. कमिट करणाऱ्यांच्या नावांची यादी तेवढी आधी बनवा.

जुना_बिल्डवाला:
ताई, शुक्रवारच्या आत? आणि ड्रॉइंग मर्ज होत नाहीत (दोघांचे बदल एकत्र करता येत नाहीत), त्यांना लॉक लागतो, म्हणजे एका वेळी एकानंच बदलायचं. एसव्हीएनमध्ये तो आहेच.

टर्मिनल_ताई:
गिट एलएफएसमध्येही (गिटची मोठ्या फाइलींसाठीची सोय) फाइल लॉक करता येते. दोन-दोन सिस्टिम सांभाळण्यात किती वेळ जातो ते मी भोगलंय, म्हणून सांगते.

बर्डी_१२:
सर्व्हर रूमचा एसी बघा. मे अखेरच्या नवतप्यात आमचं मशीन तापून बंद पडायचं. आता छतावर पांढरा रंग मारलाय, बराच फरक पडला.

खामला_कर:
मशीन चालू आहे, गिटचे बिल्ड होतात म्हटलं ना. हुक पोस्ट-कमिट, कर्लनं (वेबवर विनंती पाठवायची कमांड) जेन्किन्सला कळवतो. पोलिंग बंद. सर्व्हरवरचं कर्ल जुनं, एचटीटीपीएसला अडायचं, म्हणून नवं ऑप्ट फोल्डरमध्ये टाकलं आणि पाथ (ते कुठं आहे तो पत्ता) माझ्या लॉगिनच्या प्रोफाइलमध्ये दिला. आउटपुट डेव्ह-नलला, म्हणजे फेकूनच देतो.

जुना_बिल्डवाला:
सापडलं. एसव्हीएन हुकला रिकामं एन्व्हायर्नमेंट देतं (पाथसारखी कुठलीच सेटिंग नाही), तुमचं प्रोफाइल तिथं वाचलंच जात नाही. तुम्ही चालवता तेव्हा नवं कर्ल, हुकमधून जुनं. एरर डेव्ह-नलला, म्हणून कोणाला दिसत नाही. नव्या कर्लचा पूर्ण पाथ लिहा, आउटपुट लॉग फाइलला द्या.

वऱ्हाडी_डेव्ह:
एसव्हीएनचा चेकआउट, म्हणजे फाइलींची प्रत, कुठं उतरते? गिटच्याच फोल्डरच्या आत का?

खामला_कर:
हो, आतच. काऊन? दर बिल्डला तो पूर्ण नव्यानं उतरतो, पाऊण तास जातो. एसव्हीएन असंच असतं समजत होतो.

वऱ्हाडी_डेव्ह:
नाही भाऊ. गिटचा क्लीन चालू असणार. एसव्हीएनचं फोल्डर गिटला अनट्रॅक्ड, म्हणजे आपल्या नोंदीत नसलेलं, दिसतं, ते तो पुसून टाकतो. दोघांना शेजारी-शेजारी वेगळे फोल्डर द्या, मग एसव्हीएन फक्त बदललेलं ओढेल.

खामला_कर:
पूर्ण पाथ दिला, कमिटवर बिल्ड लागला! फोल्डर आत्ता वेगळे करतो. दुसऱ्या बिल्डला किती वेळ लागला ते रात्री इथंच टाकतो. ताई, रिलीज झाल्यावर एलएफएसच्या लॉकबद्दल विचारीन.