कटला माशांना उवा झाल्यात, शेततळ्यात सायपरमेथ्रिन (कीटकनाशक) टाकू का?

डाळिंबवाला: ३०×३० मीटरचं, ३ मीटर खोल, प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं. पाणी निम्म्यावर आलंय. मासे कागदाला अंग घासतात, खवल्यांवर लाल ठिपके, आर्गुलस (माशांची ऊ) डोळ्यांनी दिसतोय. दुकानदार म्हणतो डाळिंबावरचं सायपरमेथ्रिन टाका. जास्तीचं पाणी ओढ्याला जातं.

मत्स्यसेवक: दादा, अजिबात टाकू नका. आर्गुलस ही झिंग्या-खेकड्यांच्याच कुळातली. तिला मारणारं औषध ओढ्यातले झिंगे, खेकडे, पाणकिडेही मारणारच. तळ्यातले डॅफ्नियासारखे प्राणीप्लवंगही (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) जातात आणि कटल्याचं खाणं तेच. हे प्राणीप्लवंग संपले की शेवाळ खाणारं कुणी उरत नाही, पाणी हिरवंगार होतं आणि पहाटे ऑक्सिजन उतरून मासे वर तोंड काढतात. सायपरमेथ्रिन माशालाही लिटरला काही मायक्रोग्रॅममध्येच मारतं, थंड पाण्यात तर त्याचा मारा आणखी वाढतो.

काठावरचा: त्यात मात्रेचा घोळ असतोच. बरेच जण ३०×३०×३ करून २,७०० घनमीटर धरतात. बाजूंना १.५:१ उतार (दीड आडवा, एक उभा) असेल तर भरलेल्या तळ्यात १,९७१ घनमीटरच बसतं आणि दीड मीटर पाण्यात जेमतेम ८१३. म्हणजे २,७०० च्या हिशेबाने टाकलं तर तिपटीहून जास्त औषध पडतं.

डाळिंबवाला: मग डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक? गावात टाकतात.

मत्स्यसेवक: त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुनी बाटली असली तरी तळ्याजवळ नेऊ नका.

शिवाय औषधाने अंडी मरत नाहीत, म्हणून लोक पुन्हापुन्हा टाकत राहतात. खरा इलाज अंड्यांवर करा. आर्गुलसची मादी अंडी कठीण वस्तूला चिकटवते: कागद, दगड, बांबू. बांबूच्या फळ्या किंवा चटया पाण्यात उभ्या टांगा, दर आठवड्याला बाहेर काढा, खरवडा, कडक उन्हात वाळवा. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत अंडी फुटतात, त्यामुळे खाडा करू नका. डाळिंबाला पाणी सोडाल तेव्हा पातळी उतरून कागदाची जी पट्टी उघडी पडते, तीही ब्रशने घासून वाळू द्या.

काठावरचा: फार माखलेले मासे जाळ्याने काढून मिठाच्या पाण्यात बुडवा, १० लिटरला ३०० ग्रॅम, दोन-तीन मिनिटं. मासा कलंडला की लगेच साध्या पाण्यात. ते खारं पाणी तळ्यात किंवा ओढ्यात ओतू नका. नवीन बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडण्याआधी तपासून घ्या, उवा बहुतेक त्यांच्याबरोबरच येतात.