मदत हवी आहे: हृदयाच्या मॉडेलमधलं पाणी जांभळं होतंय (अर्जंट)

अमळनेरकर_बाबा:
मंडळी, पोराचं सायन्सचं मॉडेल उद्या सकाळी साडेसातला द्यायचंय आणि आता नऊ वाजलेत, सलाईनच्या नळ्या, बाटल्या, फिश टँकचा पंप सगळं जोडून झालं, एका बाटलीत लाल रंग, दुसरीत नीळ, पण मधल्या कप्प्यात दोन्ही येतात आणि सगळं जांभळं होतं. कुठे चुकतंय? लवकर सांगा.

केळीवाला_रावेर:
कितवीत आहे पोरगं?

भुसावळ_जंक्शन:
दोन्ही एका कप्प्यात येतात म्हणजेच चुकलंय ना भो. चार कप्पे पाहिजेत, दोन अलिंद (वरचे, रक्त घेणारे), दोन निलय (खालचे, रक्त बाहेर ढकलणारे). मधे जाड पडदा घालून एम-सील लावा. माझ्या पुतणीने असंच केलेलं, पहिला नंबर आला.

शिरपूरची_ताई:
आणि फुप्फुसाकडे जाणारी धमनी निळी करा हं. धमनी म्हणजे लाल रक्ताची नव्हे, हृदयापासून लांब नेणारी.

अमळनेरकर_बाबा:
अहो तीनच कप्पे सांगितलेत, चौथी बाटली आणलीच नाही.

निवृत्त_गुरुजी_धुळे:
तीन? मग प्राणी कोणता ते सांगा की आधी!

अमळनेरकर_बाबा:
बेडूक. लिहिलं नव्हतं का?

भुसावळ_जंक्शन:
हे राम.

निवृत्त_गुरुजी_धुळे:
मग थोडं जांभळं होणारच. फुप्फुसातलं लाल, म्हणजे ऑक्सिजनवालं, डाव्या अलिंदात, अंगातलं निळं, म्हणजे ऑक्सिजन कमी झालेलं, उजव्यात, आणि दोन्ही उतरतात एकाच निलयात. पण निलयाची आतली भिंत सपाट नसते, स्नायूंच्या घड्या असतात, त्यात दोन्ही प्रवाह बरेचसे वेगळे राहतात, आणि पुढे मळसूत्रासारखी झडप वाटा आणखी वेगळ्या करते. भांडी घासायचा स्पंज चिरून आत घाला. शिवाय कातडीतून ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्तही उजव्या अलिंदातच जातं, तेव्हा निळी बाटली फार गडद नको.

भुसावळ_जंक्शन:
म्हणजे बेडकाचं हृदय अर्धवटच की.

निवृत्त_गुरुजी_धुळे:
अर्धवट कसलं? पाण्यात बुडून बसल्यावर फुप्फुसाकडे रक्त ढकलून उपयोग काय, त्याला ते दुसरीकडे वळवता येतं. मगरीला तर पुरे चार कप्पे, तरी पाण्याखाली तीही रक्त वळवते. आपल्याला पडदा लागतो कारण शरीराकडे दाब १२० च्या आसपास आणि फुप्फुसाकडे जेमतेम २५, त्या नाजूक केशवाहिन्यांना १२० सोसणार नाही.

चोपडा_एक्सप्रेस:
एवढं कशाला? लाल रंग तेलात कालवा. शेवभाजीची तर्री कधी पाण्यात मिसळते का?

शिरपूरची_ताई:
तेलाने पंप गेला तर? आणि मग अजिबात मिसळत नाही असं दिसेल, तेही खोटंच.

चोपडा_एक्सप्रेस:
ताई तुम्ही काळ्या मसाल्याची तर्री पाहिलीच नाही.

यावलचा_शेतकरी:
दाबाचा विषय निघालाच आहे तर, आमच्या आईचा वरचा १५० लागतो, उपाशीपोटी लसूण चालेल का?

निवृत्त_गुरुजी_धुळे:
त्यांना डॉक्टरांकडे न्या हो, इथे बेडूक चाललाय.

केळीवाला_रावेर:
पण कितवीत आहे?

अमळनेरकर_बाबा:
सातवी. स्पंज घातला, एक नळी सुटली, फरशी पुसली. आता एकीकडून लाल जास्त, दुसरीकडून निळं, मधे जरासं जांभळं. फुप्फुसांना फुगे लावायचेत, घरात दोनच सापडले, एकावर हॅपी बर्थडे लिहिलंय. चालेल का?

निवृत्त_गुरुजी_धुळे:
चालेल. अक्षरं मागच्या बाजूला करा.