मदत हवी आहे: हाना शिगुला यांच्या दूरचित्रवाणीवरील कामातून कोणता भाग दाखवावा?

आमच्या चित्रपटगटात जर्मन अभिनेत्री हाना शिगुला यांच्यावर एका संध्याकाळचा कार्यक्रम ठरला आहे. चित्रपटाचा प्रश्न सुटला आहे. १९७९ मध्ये बर्लिन महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे रौप्य अस्वल हे पारितोषिक मिळवून देणारा दिग्दर्शक फासबिंडर यांचा 'मारिया ब्राउनचे लग्न' सदस्यांनी पाहिलेला आहे. अडचण आहे ती दूरचित्रवाणीची, कारण त्या कामाशिवाय त्यांची कारकीर्द अर्धीच कळते.

'बर्लिन आलेक्झांडरप्लाट्झ' (१९८०) या १४ भागांच्या मालिकेतील काही भाग मी पाहिले. त्यांची एफा ही भूमिका प्रभावी आहे, पण मागचे कथानक ठाऊक नसलेला प्रेक्षक गोंधळेल असे वाटते. म्हणून १९७२ मधील 'आठ तास म्हणजे दिवस नव्हे' या पाच भागांच्या कामगारकथेचा पहिला भाग निवडावा असे मनात आहे, कारण रस्त्यावरच्या विक्रीयंत्राशी झटणारी मारिओन (शिगुला यांची भूमिका) आणि मदतीला येणारा योखेन यांची भेट तेथेच होते.

वेळ दोन तासांचा आहे, इंग्रजी उपशीर्षके आवश्यक आहेत आणि सुटी दृश्ये जोडून दाखवायची नाहीत. हा पहिला भाग पुढचे चार न पाहताही पूर्ण वाटतो का, की एफाचा एखादा भाग स्वतंत्रपणे उभा राहू शकेल, आणि तसे असल्यास नेमका कितवा?