डोळे ओले होतात, पुढे काय?

'कादंबरी वाचून डोळे ओले होतात, पण पुढे कोणी काही करत नाही' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. अमेरिकन लेखक अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कत्तलखान्यांवरची कादंबरी १९०६ मध्ये पुस्तकरूपात आली आणि त्याच वर्षी अमेरिकेत मांस तपासणीचा कायदा झाला. मात्र सिंक्लेअरला कळकळ होती ती शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्यांची. मांस खारवताना अ‍ॅसिडने बोटांची पेरं झिजलेली माणसं त्याने दाखवली होती. लोक हादरले ते स्वतःच्या ताटात काय येतंय या धास्तीने! कामगार मागेच राहिले, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून वाचून झाल्यावर चारचौघांत बोलायला हवं, तशी माणसं आज कुठे राबतायत ते शोधायला हवं. तुमच्या वाचनगटात हे कराल का?