दूषित जागांचा क्रम कसा लावू? यादी उद्याच द्यायची आहे

वाटाड्या: सात जागा आहेत, पैसे दोनच साफ करण्यापुरते. मातीतलं प्रमाण जास्त ती वर, अशी यादी केली, तर साहेबांनी परत पाठवली. पहिली क्रोमियमची, ४,००० पीपीएम (दहा लाखात इतके भाग). शेवटची शिशाची, फक्त ६००. सोपं सूत्र सांगा, व्याख्यान नको.

निळाई: क्रोमियम कुठलं? आणि मोजलं कशाने?

वाटाड्या: हातातल्या एक्सआरएफने, क्ष-किरणांनी मूलद्रव्य मोजणाऱ्या यंत्राने. कुठलं म्हणजे? क्रोमियमच.

निळाई: ते यंत्र एकूण क्रोमियम दाखवतं. क्रोमियमची मुख्य रूपं दोन. त्रिसंयुजी फारसं त्रास देत नाही. षट्संयुजी श्वासातून गेलं तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. प्रयोगशाळेत वेगळं मोजून घ्या, नाहीतर त्या ४,००० वरून काहीच कळत नाही.

बागवान७: इतकी डोकेफोड कशाला? सूर्यफूल लावा, थोडंफार शिसं ओढतं. आर्सेनिकला ब्रेक फर्न, ते नेचं.

खडूस: सफाई कशी करू, असं विचारलंय का त्यांनी?

गणिती: अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची, ईपीएची, धोक्याला गुण देणारी एचआरएस पद्धत घ्या. भूजल, नदीनाले, माती, हवा, सगळ्यांचे गुण धरतात. २८.५ किंवा जास्त आले की जागा त्यांच्या दूषित जागांच्या राष्ट्रीय यादीसाठी पात्र.

खडूस: पात्र, एवढंच. आधी कुठली साफ करायची ते त्या गुणांवर ठरत नाही.

गणिती: मग अंगात जाणारी मात्रा भागिले संदर्भमात्रा (रोज गेली तरी सहसा बाधत नाही ती) काढा. १ च्या वर गेलं की काळजी.

खडूस: शिशाला ईपीएने संदर्भमात्राच दिलेली नाही. कशाने भागणार?

निळाई: भांडा नंतर. वाटाड्या, त्या ६०० वाल्या जागेवर कोण जातं-येतं?

वाटाड्या: पोरं खेळतात. कुंपण नाही. क्रोमियमवर काँक्रीट आहे, फाटकाला कुलूप.

खडूस: हे आत्ता सांगताय?!

निळाई: मग शिशाची जागा वर घ्या. विष, त्याची वाट आणि पोहोचणारा माणूस, तिन्ही असतील तर धोका. लहान मुलांचे मातीचे हात तोंडात जातात, आणि शिसं त्यांच्या अंगात मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं. ईपीएने २०२४ मध्ये घरांजवळच्या मातीसाठी शिशाची छाननी-पातळी (जिच्यावर गेलं की नीट तपासायचं) ४०० वरून २०० पीपीएमवर आणली. तुमची तिप्पट आहे. सफाई होईल तेव्हा होईल, कुंपण आजच घाला. काँक्रीटने धूळ अडते, पण आधीच खाली झिरपलेलं अडत नाही. जवळ विहीर?

वाटाड्या: आहे, उताराच्या बाजूला. लोक पितात. पाणी तपासलेलं नाही.

खडूस: साहेबांकडून मुदत वाढवून घ्या.

बागवान७: विहिरीच्या कडेला कर्दळ छान येते.