मदत हवी आहे : सरांच्या नावाने फेलोशिप सुरू करायचीय

नमस्कार मंडळी, परभणीला एमएस्सीला आम्हाला मृदविज्ञान शिकवणारे सर मागच्या महिन्यात गेले. उन्हाळ्यात काळ्या रानातल्या भेगेत मनगटापर्यंत हात घालून खालची ढेकळं काढायचे, पाणी लावून अंगठ्यानं त्याची पट्टी ओढायचे आन् म्हणायचे, सांगा चिकण किती. आम्ही कायम चुकायचो.

तर आम्ही जुन्या पोरांनी ठरवलंय की पुतळा-बितळा नको, दरवर्षी माती विषयात एमएस्सी करणाऱ्या एका गरजू पोराला फेलोशिप द्यायची. मुद्दल बँकेत ठेवून फक्त व्याज वापरायचं, म्हणजे १२ लाख जमले आन् ७ टक्के धरले तर वर्षाला ८४ हजार, महिन्याला ७ हजार होतात, पण तेवढंच व्याज दहा वर्षांनी पुरणार का हीच चिंता.

विचारायचं हे की पैसे सरळ विद्यापीठाकडं देणगी ठेव म्हणून द्यावे का स्वतःचा ट्रस्ट काढावा? ट्रस्ट म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी, दरवर्षी ऑडिट, देणगीदारांना करसवलत मिळावी म्हणून ८०जी वेगळंच, आन् आम्ही सगळे नोकरी-शेतीवाले, कोण पळणार? निवड मार्कांवर करावी का घरची परिस्थिती बघून? कुणी असं केलं असेल तर करारात काय काय लिहून घेतलं ते सांगा. काकूंना (सरांच्या बायकोला) अजून बोललो नाही, आधी नीट माहिती घेऊन मगच घरी जाऊ म्हणतोय.