मार्चमध्ये मेंडोसाला जातोय, वाईनपलीकडे काय बघावं?

पिंपळगावकर:
नमस्कार. आमची पिंपळगाव बसवंतला चार एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. मुलगी नोकरीनिमित्त ब्वेनोस आयर्सला असते, ती यंदा मार्चच्या सुरुवातीला आम्हा दोघांना मेंडोसाला, म्हणजे अर्जेंटिनाच्या वाईनच्या प्रांतात, नेतेय. ऐन खुड्यात बाग धाकट्या भावावर सोपवून निघणं जिवावर येतं, म्हणून जाणं सार्थकी लागावं असं वाटतं. मी वाईन घेत नाही, सौ. शाकाहारी आहे. कोणी राहून आलंय का तिकडे?

झोंडा_वारा:
दादा, मी तीन वर्षं तिथे होते, मेंडोसा शहराला लागून असलेल्या गोदोय क्रूसमध्ये. आधी पाणी बघा. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस, बाकी सगळी भिस्त अँडीजच्या बर्फावर. शहरात रस्त्यारस्त्याच्या कडेनं उघडे पाट आहेत, असेकिया म्हणतात त्यांना. वाळवंटातलं ते शहर झाडांनी भरलंय ते या पाटांमुळे. ही विद्या तिथल्या हुआर्पे लोकांची, स्पॅनिश येण्याआधीपासूनची. पाण्याचा कायदा १८८४ चा. हक्क जमिनीला जोडलेला, आणि पाळी आली की तोमेरो येऊन दार उघडतो. आपला पाटकरीच की! जवळच्याच लुहान दे कुयोच्या एका जुन्या बागेत पाळीचं गढूळ पाणी सरीतून येताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला थेट वडिलांचं रान आठवलं.

मग बाग. छाटणी वर्षातून एकदाच, कारण हिवाळ्यात वेल खरंच झोपतो. एप्रिलची, ऑक्टोबरची अशी दोनदा छाटणी करतो म्हटलं की तिथले शेतकरी थक्क होतात. जुन्या कितीतरी बागा स्वतःच्याच मुळांवर आहेत, आपल्यासारखं डॉगरिजच्या खुंटावर कलम नाही. गारेला ते ‘पिएद्रा’ म्हणतात, म्हणजे दगड. त्यासाठी बागांवर जाळ्या. माल्बेक ही तिथली वाईनची द्राक्षजात मूळची फ्रान्सची, मिशेल पुझे नावाच्या फ्रेंच माणसानं १८५३ च्या सुमारास तिकडे आणली.

तुमच्या तारखांत वेंदिमिया येत असेल तर चुकवू नका. काढणीचा उत्सव, १९३६ पासूनचा. शुक्रवारी रात्री तालुक्यातालुक्यांतून उत्सवासाठी निवडलेल्या राण्यांची रथांवरून मिरवणूक, शनिवारी सकाळी घोडेस्वारांसह पुन्हा मिरवणूक, रात्री सान मार्तीन उद्यानातल्या खुल्या रंगमंचावर मोठा कार्यक्रम. तिकीट नाही मिळालं तर भोवतीच्या टेकड्यांवर बसा, कुटुंबंच्या कुटुंबं तिथे डबे घेऊन येतात. मला स्वतःला त्याआधीचा फळांच्या आशीर्वादाचा सोहळा जास्त भिडला. द्राक्षबागांची रक्षणकर्ती म्हणून कारोदियाच्या मेरीमातेची मूर्ती आणतात आणि गव्हर्नर नांगराच्या फाळावर ठोका देतात.

खादाड_अमरावती:
वहिनींसाठी: एम्पानादा म्हणजे भाजलेली करंजी, पण नेहमीच्यात गोमांस, कांदा, अंडं आणि ऑलिव्ह असतं. ‘केसो ई सेबोया’ मागा, चीज-कांद्याची. उमिता म्हणजे मक्याचे दाणे वाटून त्याच्याच पानांत बांधून शिजवतात, मार्चमध्ये मिळेल. मात्र त्यात आणि तिथल्या तोर्तितांमध्ये, म्हणजे छोट्या पावांमध्ये, ‘ग्रासा’, म्हणजे चरबी, आहे का ते विचारा. दुपारी दुकानं बंद असतात आणि रात्री नऊच्या आत जेवण मिळणं अवघड, जवळ काहीतरी ठेवा.

पिंपळगावकर:
ताई, पाटकरीचं वाचून जायचं नक्की झालं. तोमेरोला भेटता येईल का? आणि गाणंबजावणं काही? सौ.ला भजनाची आवड आहे.

झोंडा_वारा:
मुलीला सांगा, छोट्या, घरच्या बोदेगाला, म्हणजे वाईन बनवणाऱ्यांना, आधी फोन करून पाळीचा दिवस विचारायचा. त्या दिवशी गेलात तर तोमेरो तिथेच भेटेल.

गाण्यात तोनादा हा तिथला लोकगीताचा प्रकार ऐका. गिटारवर, संथ, घरगुती बैठकीत गातात. शेवटी गाणारा एक कडवं जोडतो आणि त्यात समोर बसलेल्या पाहुण्याचं नाव घेतो. त्या कडव्याला म्हणतात कोगोयो, वेलीचा कोवळा शेंडा. माझी आई आली होती तेव्हा शेजारच्या आजोबांनी तिचं नाव गुंफलं. आईला भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, नाव ऐकलं आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. वहिनींचं नाव गाणाऱ्याला आधी सांगून ठेवा.